पाचव्या मजल्यावरचं प्रमाण घर

माझा स्वभाव तसा थंड आहे. वजनमापे खात्यात बावीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाला तापून चालत नाही. पितळ तापलं की फुगतं आणि मापात फरक पडतो, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. तरीही इमारतीच्या त्या सभेत मी उभा राहून बोललो. का बोललात, असं बायको आजही विचारते, आणि मी आजही वर्तमानपत्र थोडं वर धरतो.

झालं होतं एवढंच की लिफ्ट बंद पडली होती. इमारत पाच मजल्यांची, आम्ही पाचव्यावर, आणि आमच्याकडे सासरेबुवा. ते चार दिवसांसाठी आले होते. तिसऱ्या दिवशी लिफ्ट नेमकी आमच्या मजल्यावर थांबली आणि तांबडा दिवा लावून ओरडू लागली. सेक्रेटरींनी मेन स्विच बंद करून तिचं तोंड मिटवलं. सासरेबुवांचा उजवा गुडघा आधीच संपावर होता. जिना चढायचा नाही आणि उतरायचा तर मुळीच नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्या चार दिवसांचा आता अकरावा आठवडा चालू होता. आमची खोली त्यांना दिली होती आणि मी बाहेर सोफ्यावर झोपत होतो. सोफा पाच फूट दोन इंच आहे, मी पाच फूट सात. उरलेले पाच इंच मी कुठे ठेवत होतो ते विचारू नका.

माणूस वाईट नाही. करखात्यातून निवृत्त झालेला माणूस जितका गोड असू शकतो तितके ते आहेत. फक्त टीव्ही मोठ्यानं लावतात. त्यात निवडणुका आलेल्या. मध्यमवर्गावर कराचं ओझं किती, सवलत किती आणि मुळात मध्यमवर्ग म्हणजे कोण, यावर चार डोकी चार चौकटींत बसून एकाच वेळी बोलायची. सासरेबुवा मान हलवत म्हणायचे, "जावईबापू, चाळीस वर्षं मी लोकांची उत्पन्नं तपासली. मी श्रीमंत आहे असं एकानं लिहून दिलं असेल तर शपथ."

पण त्यांचा जीव आमच्या घरात नव्हता. त्यांच्या स्वतःच्या घरी बुद्धिबळाचा पट मांडलेला होता, अर्धा डाव झालेला, वर परात पालथी घातलेली. समोरचा खेळाडू म्हणजे शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर. अठ्ठावीस वर्षं दोघं रोज संध्याकाळी खेळत आलेले. आणि हे पोस्टमास्तर महिन्याच्या शेवटच्या रविवारी कायमचे मुलाकडे परदेशी चालले होते. चाल सासरेबुवांची होती. फोनवर सांगून टाका म्हटलं, तर म्हणाले, "फोनवर त्याचा भरवसा नाही. मी समोर असतानासुद्धा उंट सरळ चालवतो." मग माझ्याकडे बघायचे. "तोवर आपण एक डाव टाकू या का?" मी रोज काहीतरी काम काढायचो. खोटं कशाला बोलू, एकदा खेळायला बसलो की मुक्काम पक्का होईल अशी मला धास्ती होती.

तर सभा. लिफ्टची मोटर गेली असणार असं सेक्रेटरींच्या कुणा ओळखीच्यानं फोनवरूनच सांगितलं होतं, आणि त्या मोटरचा खर्च कुणी किती द्यायचा यावर ही सातवी सभा होती. तळमजल्यावरच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "मी लिफ्टमध्ये आजवर पाय ठेवलेला नाही, मी का द्यायचं?" चौथ्या मजल्यावरचे सराफ म्हणाले, "सगळ्यांनी सारखं द्या, विषय संपवा." मास्तरीणबाई म्हणाल्या, "सारखं द्यायला सगळे सारखे आहेत का?" इथं मी उठलो. अकरा आठवडे टीव्ही ऐकून माझ्या तोंडात ती भाषा साठलेली होती. मी म्हणालो, "ज्याला जास्त आहे त्यानं जास्त द्यावं, ज्याला नाही त्याला माफ करावं, आणि मध्यमवर्गाला सवलत असावी."

टाळ्या पडल्या. माझ्या आयुष्यातल्या त्या पहिल्याच, त्यामुळे मी खाली बसायला थोडा वेळ लावला. तेवढ्यात सेक्रेटरींनी विचारलं, मध्यमवर्गीयांनी हात वर करा. वीस बिऱ्हाडांचे वीस हात वर गेले. सराफांचा हात चार अंगठ्यांसकट वर होता.

"व्याख्या झाल्याशिवाय वाटणी नाही, आणि वाटणी झाल्याशिवाय लिफ्ट नाही," सेक्रेटरी म्हणाले. "तुम्ही मापाचे माणूस. पंधरा दिवसांत मध्यमवर्गाची व्याख्या आणा."

मी सरळमार्गी माणूस. एक छापील तक्ता काढला आणि घरोघर वाटला. उत्पन्नाच्या रकान्यात सराफांनी लिहिलं, 'बरं चाललंय.' दुसऱ्या मजल्यावरून उत्तर आलं, 'आधी तुमचं सांगा.' मास्तरीणबाईंनी तक्त्यातल्या माझ्या चुका लाल शाईनं सुधारून दहापैकी सहा गुण देऊन तो परत पाठवला. मी दोन दिवस कापलेले चार गुण शोधत बसलो.

शेवटी सासरेबुवांनीच वाट दाखवली. "तुमच्या खात्यात किलो म्हणजे काय ते कसं ठरवता?"

"प्रमाण वजन असतं," मी म्हणालो. "पितळेचं, मखमलीच्या पेटीत. उघड्या हातानं उचलायचंही नाही, बोटांचा घाम लागून जड होतं. बाकीची वजनं त्याच्याशी ताडून बघायची."

"मग तसं एक प्रमाण घर ठरवा. त्याच्याहून वर तो श्रीमंत, खाली तो गरीब, बरोबरीचा तो मध्यम." एवढं बोलून त्यांनी आमच्या दिवाणखान्यावरून नजर फिरवली. प्लास्टिकच्या पिशवीतला रिमोट, कपाटावर रचलेली वॉरंटी संपलेल्या वस्तूंची खोकी, काचेआडचे चांगले कप. "घर शोधायला लांब जायला नको," ते समाधानानं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली. 'प्रमाण मध्यमवर्गीय घर, पाचवा मजला. पाहण्याची वेळ सायंकाळी पाच ते सात.' बायकोनं सूचना वाचली आणि आल्या पावली घर आवरायला घेतलं. सासरेबुवांनी तिला थांबवलं. "काही हलवू नकोस बाळा, माप बदलतं."

लोक आले. पाच मजले जिना चढून आले, वह्या घेऊन आले. अब्रू म्हणतात ती गोष्ट किती बारीकसारीक ठिकाणी ठेवलेली असते ते मला त्या आठवड्यात कळलं. मास्तरीणबाईंनी न्हाणीघरात जाऊन टूथपेस्टची ट्यूब पाहिली. ती मी कात्रीनं उभी चिरून आतून पुसून घेतलेली होती. "उत्तम," त्या म्हणाल्या आणि टिपून घेतलं. बिस्किटांच्या डब्यात बिस्किटं नसून बटणं आहेत याची त्यांनी खातरजमा केली. एक खण नुसत्या किल्ल्यांचा निघाला, ज्यांची कुलुपं आमच्या लग्नाआधीच हरवली असावीत. टाकत का नाही, असं कुणीही विचारलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण प्रत्येकाकडे तसा एक खण होता. माझा जुना बनियन फडकं म्हणून खिडकीत वाळत होता, त्याच्यापुढे तर दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ दोन मिनिटं गप्प उभे राहिले.

इथवर ठीक होतं. घोटाळा पुढे झाला. जे जे आमच्याकडे होतं ते सगळ्यांकडे होतं, पण त्यांच्याकडे आमच्याहून एखादी वस्तू जास्तही होती, आणि ती एक वस्तू त्यांना मध्यमवर्गातून वर ढकलत होती. वर जायची कुणाचीच तयारी नव्हती.

पहिले आले सराफ. त्यांच्यामागे दोन हमाल, आणि हमालांच्या खांद्यावर चालण्याचं यंत्र. "याच्यावर आम्ही नुसते टॉवेल वाळवतो हो," ते घाम पुसत म्हणाले. "तुमच्याकडे राहू द्या. म्हणजे प्रमाण घरात पण आहे म्हटल्यावर माझ्याकडे असलेलं काही जास्त धरलं जायला नको."

"पण आता तुमच्याकडे नाहीच ना ते."

"दुसरं आहे," सराफ खालच्या आवाजात म्हणाले.

सराफांचं पाहून सेक्रेटरींनी आपली मागे कलणारी आरामखुर्ची पाठवली, पाय वर उचलणारी, बटणावर चालणारी. मास्तरीणबाईंनी मुलानं भेट दिलेली माशांची काचपेटी पाठवली. त्यांचं म्हणणं, मासे मी ठेवले की श्रीमंती दिसते, आणि खरं तर ते माझा रोजचा अर्धा तास खातात. हे सगळं पाच मजले जिन्यानं वर आलं. बंद लिफ्टचा खर्च टाळण्यासाठी लोकांनी जिन्यावर जेवढा घाम गाळला, तेवढ्यात दुसरी लिफ्ट उभी राहिली असती. बायको म्हणाली, "अहो, फरशी पुसायला जागा नाही उरली." सासरेबुवा मात्र आरामखुर्चीत पाय वर करून माशांना पोस्टमास्तरांचे किस्से सांगत बसायचे. पण अधूनमधून भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे त्यांची नजर जायची. रविवार जवळ येत होता.

शुक्रवारी दुपारी सेक्रेटरी निवडणुकीतल्या एका उमेदवारांना घेऊन आले. मध्यमवर्गाच्या घरी जाऊन त्यांची दुःखं जाणून घ्यायची, असा प्रचाराचा कार्यक्रम होता, आणि प्रमाण घर असताना दुसरीकडे कशाला जायचं, असा सेक्रेटरींचा विचार होता. उमेदवार दारात चौकटीला धरून उभे राहिले. "कंबरडं मोडलं," ते म्हणाले. आम्हाला वाटलं मध्यमवर्गाचं म्हणताहेत. पण ते जिन्याबद्दल बोलत होते.

मग त्यांनी आत पाहिलं. चालण्याचं यंत्र पाहिलं, खुर्ची पाहिली, हिरव्या उजेडात फिरणारे सोनेरी मासे पाहिले.

"हे मध्यमवर्गाचं घर?"

"प्रमाण घर, साहेब," सेक्रेटरी म्हणाले.

"मग सवलत कशाला मागताय? इथं तर कर वाढवायला वाव आहे."

सेक्रेटरींचा चेहरा उतरला. माझं विचाराल तर बावन्न वर्षांत मला कुणी पहिल्यांदाच श्रीमंत म्हणत होतं, आणि तेसुद्धा ज्यातलं काहीच माझं नाही अशा सामानावरून. मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण सासरेबुवांनी आधीच पाहुण्यांना खुर्चीत बसवलं होतं आणि बटण दाबलं होतं. उमेदवारांचे पाय छताकडे गेले.

"आता निवांत सांगा," सासरेबुवा म्हणाले. "मध्यमवर्ग म्हणजे नक्की कोण?"

उमेदवारांनी पंधरा मिनिटं उत्तर दिलं. त्यात आम्हाला मध्यमवर्ग सापडला नाही, पण त्यांना मात्र एक गोष्ट सापडली. उठून उभं राहिल्यावर त्यांच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या आणि पाच मजले उतरणं जमणार नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. सहा वाजता त्यांची चौकात सभा होती. त्यांनी फोन काढला, कुणाला तरी दोन शब्द बोलले, आणि चाळीस मिनिटांत लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या बाई हत्यारांची पिशवी घेऊन पाचव्या मजल्यावर हजर झाल्या. तेरा आठवड्यांत वीस बिऱ्हाडांना जे जमलं नाही ते दोन पोटऱ्यांनी करून दाखवलं.

बाईंनी मेन स्विच लावायला सांगितला. तांबडा दिवा लागला आणि लिफ्ट पुन्हा ओरडायला लागली. बाईंनी आत डोकं घातलं, बाहेर काढलं. "मोटर चांगली आहे. काटा बिघडलाय."

"कसला काटा?" सेक्रेटरींनी विचारलं.

"वजनाचा. खाली वजनकाटा असतो, जास्त माणसं चढली की ती हलत नाही. आता रिकामी आहे, पण तिला वाटतंय सात जण उभे आहेत. एवढे दिवस दाखवलं का नाही कुणाला?"

"तपासणीची फी कुणी भरायची ते ठरलं नव्हतं," सेक्रेटरी म्हणाले.

सासरेबुवा दारातून लिफ्टकडे बघत होते. "रिकामी असून ओझं ओझं म्हणून ओरडतेय," ते म्हणाले. "जावईबापू, मध्यमवर्गीय आहे तुमची लिफ्ट."

"आणि खाली कुणीतरी सांगत होतं, या मजल्यावर वजनमापे खात्याचे साहेब राहतात," बाई स्क्रू काढता काढता म्हणाल्या. "काटा बिघडलाय हे त्यांनाही नाही कळलं?"

सगळे माझ्याकडे वळले. मी माशांकडे पाहिलं. तेरा आठवडे मी त्या काट्याशेजारून जिना चढत होतो, बाजारात जाऊन भाजीवाल्यांचे तराजू जप्त करत होतो, आणि संध्याकाळी पाच इंच कमी पडणाऱ्या सोफ्यावर येऊन पडत होतो.

पण खरं वाईट पुढे होतं. काटा लावायला दोनशे किलोची पक्की वजनं लागतात, ती वर्कशॉपमध्ये आहेत, सोमवारी आणते, असं बाई म्हणाल्या. "असू दे," सासरेबुवा म्हणाले आणि खुर्चीत न बसता आत जाऊन पलंगाच्या कडेवर बसले. हात गुडघ्यावर, पाठ माझ्याकडे. त्या पाठीकडे बघून मला माझीच लाज वाटली. या माणसाला घालवायची मला घाई झाली होती, आणि त्याला जायला का हवं आहे ते मी एकदाही धड ऐकून घेतलं नव्हतं.

आणि मी तापलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"सोमवार नाही," मी म्हणालो. "वजनं आत्ता देतो."

चालण्याच्या यंत्राच्या तळाशी कंपनीची पट्टी होती, बासष्ट किलो. ते लिफ्टमध्ये ढकललं. मग माशांच्या पेटीतल्या पाण्याकडे वळलो. पाण्यासारखं प्रामाणिक माप दुसरं नाही, एक लिटर म्हणजे एक किलो. बायकोनं मासे कुकरमध्ये काढले. "झाकण लावू नका कुणी," ती म्हणाली. मी लिटरच्या मापानं मोजून शहात्तर लिटर पाणी चार बादल्यांत भरलं. पेटीतलं पुरलं नाही तेव्हा नळाचं घेतलं. रिकाम्या बादल्या सराफांच्या तराजूवर तोलल्या, एकेक किलोच्या. हा तराजू गेल्याच वर्षी मी शिक्का मारून दिलेला, त्यामुळे त्याचं काही बोलायला नको. शहात्तर आणि चार, ऐंशी. बासष्ट आणि ऐंशी, एकशे बेचाळीस. अठ्ठावन्न कमी पडत होते.

"मी येतो," उमेदवार म्हणाले. "माझं वजन सत्तर आहे."

मी त्यांना नीट न्याहाळलं. "उमेदवारानं स्वतः सांगितलेला आकडा आम्ही पडताळल्याशिवाय धरत नाही," मी म्हणालो, आणि खोलीत जाऊन डॉक्टरांचा कागद पाहिला. "बाबा, चला. तुम्ही बरोबर अठ्ठावन्न आहात."

सासरेबुवा उठले. चष्मा काढून माझ्या हातात दिला. "याचं वजन धरायला नको," म्हणाले आणि बादल्यांच्या मधोमध सावधान उभे राहिले. बाईंनी स्क्रू हळूहळू फिरवला. जिन्यावर सगळी इमारत जमली होती. तांबडा दिवा लुकलुकला, विझला, ओरडणं थांबलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळे नुसते हसत राहिले. मास्तरीणबाईंनी मला दहापैकी दहा दिले, तोंडीच, पण सगळ्यांसमोर.

मग लिफ्टनं सामान खाली न्यायला सुरुवात केली. यंत्र चौथ्यावर उतरलं, खुर्ची तिसऱ्यावर, मासे कुकरसकट तळमजल्यावर. उमेदवार तपासणीची फी मी देतो असं म्हणत आत शिरले आणि सभेला उशीर झाला असं म्हणत खाली निघून गेले. बाई पावतीपुस्तक उघडून उभ्या राहिल्या. वीस बिऱ्हाडं एकदम छताकडे बघायला लागली. फी फार नव्हती, पण ती कुणाच्या वर्गात येते हा प्रश्न होता.

सासरेबुवांनी खिशात हात घातला. "पावती माझ्या नावानं फाडा, बाई. आणि शेजारी लिहा, श्रीमंत."

"बाबा, अहो..." मी म्हणालो.

"चाळीस वर्षं शोधत होतो," ते म्हणाले. "एक तरी सापडायला हवा की नाही?"

शनिवारी सकाळी ते गेले. लिफ्टमध्ये उतरताना प्रत्येक मजला मोजत होते. गाडीत बसवलं तेव्हा हात हातात धरून म्हणाले, "घोडा पुढे घेणार आहे. कुणाला सांगू नका." मी वर आलो. घरात पुरेशी जागा होती, टीव्ही गप्प होता, आणि मला बसायला कुठे बरं वाटेना. सेक्रेटरी व्याख्या मागायला आले तेव्हा मी त्यांना किल्ल्यांचा खण उघडून दाखवला. त्यांनी पाहिलं, सुस्कारा सोडला आणि परत गेले.

सोमवारी संध्याकाळी फोन आला.

"हरलो," सासरेबुवा म्हणाले. आवाज खणखणीत होता. "मी नसताना परात उचलून त्यानं प्यादं सरकवलंय. सिद्ध करता येत नाही, पण सरकवलंय. जाताना रडत होता लेकाचा, म्हणून बोललो नाही." मग म्हणाले, "आता पट नुसता पडून आहे."

काय बोलावं ते मला ठाऊक होतं, फक्त ते तोंडातून यायला वेळ लागत होता.

"लिफ्ट चालू आहे ना?" त्यांनी विचारलं.

"चालू आहे. बाबा, पट घेऊन या."

"चार दिवस येतो," ते म्हणाले.

"चार दिवसांत कुठे डाव होतो?"

फोन ठेवला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. मी वर्तमानपत्र थोडं वर धरलं. मग ते खाली ठेवलं, उठलो, आणि सोफ्यावर माझी चादर अंथरली.